वाळीत टाकणे : न दिसणारी जखम

हिंसा म्हटली की उगारलेला हात डोळ्यांसमोर येतो. वाळीत टाकण्यात हात उगारावाच लागत नाही. दुकानदार सामान देत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही, घरात कोणी वारल्यास खांदा द्यायला माणूस मिळत नाही. कोकणातील काही गावक्यांनी आणि अनेक जातपंचायतींनी हे शस्त्र पिढ्यान्‌पिढ्या वापरले.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर, धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावरून, सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्दबातल ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वाद आहे तो तडजोडीच्या तरतुदीवर. पीडिताची संमती व न्यायालयाची परवानगी असेल तर खटला मिटविता येतो. ज्या गावात जन्म काढायचा तेथे सलोखा हवाच, हे समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. परंतु एकाकी पडलेल्या कुटुंबाची संमती कितपत स्वखुशीची असेल? हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो.

त्यात पुराव्याची अडचण. बहिष्कार बहुधा तोंडी ठरतो. पंच दंड वसूल करतात. पावती कोण देणार? आणि साक्षीला बोलवायचे ते त्याच शेजाऱ्याला, ज्याने भीतीपोटी बोलणे टाकलेले असते.