माठ कुणी फोडला?

इमॅजिन करा. रात्री पोरीच्या खोलीत आईचा जीव की प्राण असलेला माठ फुटलाय. आईचा संशय पोरीच्या होणाऱ्या नवऱ्यावर. आणि निवाडा करायला कोण बसलंय? ज्याने माठ फोडून खिडकीतून उडी टाकली, तोच न्यायाधीश! डोक्याला खोक, विग गायब, त्यात नेमका वरचा साहेब तपासणीला हजर.

हाइनरिश फॉन क्लाइस्टची ही जर्मन कॉमेडी १८०८ मध्ये वायमारला रंगमंचावर आली. गटेने हे एकसलग नाटक तीन अंकांत तोडलं आणि प्रयोग साफ पडला. टीव्हीवाल्यांनो, ऐकताय ना? याची दोनशे भागांची सिरियल नको. दीड तासाची टेलिफिल्म करा, बस!

पण मराठीत जमेल? का नाही! ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'चा १९७८ मध्ये पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केलाच की. ट्रिक एकच : शब्द नाही, माणसं शोधायची.

मग चला जालना जिल्ह्यात, भोकरदनला. १९७३ च्या उत्खननात इथे सातवाहन काळाच्या खुणा सापडल्या. जिथे खापरच पुरावा ठरतं, तिथे माठाची केस शोभेलच! तालुक्यातलं एखादं गाव घ्या. तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हा आपला न्यायाधीश म्हणजे तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. विगऐवजी टोपी, खिडकीखालच्या बोरीत अडकलेली. साहेब जालन्याहून आलेला. बाकी काम क्लोज-अपचं. टोपी कुठंय विचारल्यावर कपाळावर फुटलेला घाम थिएटरात शेवटच्या रांगेला दिसत नाही, टीव्हीवर दिसतो.

एक गोष्ट मात्र कापायची नाही : पोरीचं गप्प बसणं. मूळ नाटकात न्यायाधीश तिला धाक घालतो, की तिच्या नवऱ्याला सैन्यात भरून ईस्ट इंडीजला धाडतील; सुटकेचा कागद हवा तर माझं ऐक. आपल्याकडे? पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. "एक केस ठोकीन, मग भरती विसर!" एवढं पुरे. हे काढलं तर उरतो नुसता चावट फार्स.

होणाऱ्या नवऱ्यालाच शिक्षा झाल्यावर ती अखेर नाव घेते. न्यायाधीश पळतो, जोडी जुळते. आणि आई? ती साहेबाला विचारते, ते सगळं ठीक आहे हो, पण माझ्या माठाचं काय?