गंज रंगाखाली नसतो, पेटीत असतो

जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्तीला घेतली की बहुतेकांचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते. एमजीबीच्या बाबतीत तरी ही काळजी चुकीच्या जागी आहे. तिच्या इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात आणि काम जाणणारा मेकॅनिक ते बांधून देतो. गाडी वाचणार की नाही, हे तिचा पत्रा ठरवतो. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 5 लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेला गेल्या. ज्या मायदेशी राहिल्या, त्यांनी दर हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ अंगावर घेतले.

आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चेसी होती. एमजीबीला ती नाही. तिची बॉडी हीच चेसी. म्हणूनच तिच्यावरचा गंज काढणे हे रंगकाम नव्हे, बांधकाम आहे. हे लक्षात न आल्यामुळेच पुढचे बहुतेक गैरसमज पसरतात.

‘फोड आलाय तेवढाच पत्रा खराब आहे’

रंगाखाली पत्रा फुगलेला दिसला की गंजाची सुरुवात झाली असे वाटते. बहुतेक वेळा ती अखेर असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो, म्हणून आतून पत्रा खात आलेला गंज शेवटी रंगाला बाहेर ढकलतो. एमजीबीच्या पुढच्या चाकामागे, मडगार्डाच्या आत, चिखल अडवणारी एक पडदी असते. तिच्या कडेचे रबर कुजले की चिखल पडदीच्या मागच्या पोकळीत जाऊन बसतो आणि आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मडगार्डाच्या खालच्या टोकाला फोड दिसेपर्यंत त्यामागची सिल, म्हणजे दाराखालची लांब पेटी, पुष्कळदा सडलेली असते. काचेपुढच्या जाळीतून आत येणारे पावसाचे पाणी खाली सोडायला एक रबरी नळी आहे. ती पाल्याने तुंबली की पाणी आत साचते. 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत या गाडीत सीटांच्या मागे, जमिनीखाली, 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांच्या ॲसिडने आणि चाकांनी उडवलेल्या पाण्याने तिथल्या पेट्या दोन्ही बाजूंनी खाल्ल्या जातात.

म्हणून तपासणी डोळ्यांनी करू नये. हातोडीने हलके ठोकत जावे, शंका येईल तिथे टोच्या दाबून पाहावा. चांगला पत्रा खणखणतो. सडलेला बद्द वाजतो.

मिठाबद्दल आणखी एक गोष्ट. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघडे लोखंड गंजू लागते. मीठ ओलावा धरून ठेवत असल्याने मीठ लागलेले लोखंड त्याहून कोरड्या हवेतही गंजते. मुंबई, कोकण, गोवा इथे कुणी रस्त्यावर मीठ टाकत नाही, पण समुद्राच्या वाऱ्यात ते असतेच. गंजाच्या बारीक खड्ड्यांत ते शिल्लक राहिले आणि वरून रंग चढवला, तर रंगाखाली गंज चालूच राहतो. पत्रा उघडा केल्यावर तो स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडा करणे म्हणूनच आवश्यक आहे.

‘सँडब्लास्टिंग केले की पत्रा नवा होतो’

सस्पेन्शनचे जाड भाग, जाड कंस, कोपरे यांच्यासाठी ब्लास्टिंग उत्तम आहे. पण बोनेट, दारे, डिकीचे झाकण यांचा पत्रा जेमतेम 1 मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर जोराने कण आदळले की पत्र्याचा वरचा थर ठोकला जाऊन ताणला जातो आणि सपाट भाग फुगून वेडावाकडा होतो. दोष उष्णतेचा, असे सांगितले जाते. मुख्य कारण हा ताण आहे. एकदा ताणलेला पत्रा परत सपाट करणे हे कुशल डेंटरचेही कसोटीचे काम. अशा भागांवरचा रंग पेंट रिमूव्हरने किंवा हाताने काढणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, मग वेळ कितीही लागो. सोड्याच्या भुकटीने केलेले ब्लास्टिंग मऊ असते, रंग छान निघतो; पण त्याने गंज निघत नाही, आणि मागे राहिलेला सोडा नीट धुतला नाही तर नवा रंग धरत नाही.

कोरड्या वाळूने ब्लास्टिंग तर कुणीही करू नये. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, आणि सिलिकोसिसवर बरा करणारा उपाय नाही. ब्रिटनने या कामासाठी वाळू वापरण्यावर 1949च्या नियमांनीच बंदी घातली.

‘सगळी बॉडी टाकीत बुडवा, प्रश्न मिटला’

रसायनाच्या टाकीत बुडवलेली बॉडी पोकळ्यांसकट स्वच्छ होते, हे खरे. पण दोन पत्रे एकमेकांवर जिथे वेल्ड केलेले असतात, त्या फटीत शिरलेले ॲसिड नीट निष्प्रभ केले नाही, तर काही महिन्यांनी ते नव्या रंगाखालून पाझरू लागते. शिवाय पेट्यांच्या आतला जुना थर गेला की तिथे ब्रश पोहोचत नाही. बुडवून काढल्यावर तशीच बुडवून प्रायमर देण्याची सोय असेल, तरच हा मार्ग घ्यावा. आणि सुरुवातीच्या एमजीबींचे बोनेट ॲल्युमिनियमचे होते. रंग काढण्याच्या कॉस्टिकच्या गरम टाकीत ॲल्युमिनियम विरघळते. चुंबक लावून पाहायला काही क्षण लागतात. तेवढे आधी करावे.

‘सडलेल्या सिलवर नवा पत्रा मारला की मजबुती येते’

या गैरसमजाने सर्वाधिक गाड्या बिघडवल्या आहेत आणि माणसांचे जीवही धोक्यात घातले आहेत. उघड्या एमजीबीला छत नाही. झाकण काढलेला खोका सहज पिळला जातो, तशी ही बॉडीही पिळली गेली असती. तिला ताठ ठेवण्याचा मोठा भार दोन सिल उचलतात. प्रत्येक सिल हा एक पत्रा नाही. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खालचा आधाराचा भाग असे तिचे अनेक थर आहेत. बाहेरून दिसतो तो थर चकचकीत आणि मधला पडदा जागेवरच नाही, अशा गाड्या विक्रीला येतात. जुन्या गंजावर नवा पत्रा ठोकला की दोघांच्या मध्ये ओलावा अडकतो, वेल्डला धरायला चांगले लोखंड मिळत नाही आणि आतला गंज पूर्वीपेक्षा जोमाने वाढतो. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापत जाणे, हा एकच इलाज.

कापण्याआधीची तयारी मात्र कापण्यापेक्षा मोठी असते. गाडी दोन्ही टोकांना, जिथे सस्पेन्शनचे वजन येते तिथे, सपाट जमिनीवर टेकवावी. दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप तात्पुरते वेल्ड करावेत. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बॉडीची मापे आकृतीसह दिलेली असतात, ती आधी घेऊन लिहून ठेवावीत. एका वेळी एकच बाजू उघडावी. आधाराशिवाय सिल कापली तर गाडीचा मधला भाग खाली बसतो, दाराच्या वरच्या बाजूची फट मिटते, आणि त्याच अवस्थेत नवी सिल वेल्ड झाली की गाडी कायमची वाकडी राहते. म्हणून शेवटचे वेल्ड पडण्यापूर्वी दारे बसवून, उघडून-मिटून फटी तपासल्या जातात.

वेल्डही सलग ओढायचा नसतो. सलग ओळ मजबूत असते असे वाटते, पण पातळ पत्रा तेवढ्या उष्णतेने वळतो. सीओटू वेल्डिंगने एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, मधे थंड होऊ देऊन, असे काम चालते. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते, तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते भरतात.

‘कन्व्हर्टर लावला की गंज मरतो’

फॉस्फॉरिक किंवा टॅनिक ॲसिडचे हे द्रावण गंजाच्या वरच्या थराचे स्थिर संयुग बनवते. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर त्याचा उपयोग आहे. जाड पापुद्र्याच्या खाली ते पोहोचत नाही, आणि गेलेल्या लोखंडाची जाडी परत आणत नाही. सिलवर त्याच्या भरवशावर राहू नये.

पुट्टीला मात्र उगाच बदनाम केले जाते. 2-3 मिलिमीटरच्या आतला पुट्टीचा थर, नीट साफ केलेल्या पत्र्यावर, ही प्रतिष्ठित दुरुस्ती आहे. भोक बुजवायला वापरली की ती फसवणूक होते. जुन्या गाड्यांच्या सांध्यांवर कारखान्यातच शिसे भरलेले असे. ते ग्राइंडरने किंवा पॉलिश पेपरने घासू नये, कारण शिशाची धूळ विषारी असते.

‘प्रायमर मारून ठेवला, आता वर्षभर चिंता नाही’

साधा प्रायमर सच्छिद्र असतो. तो ओलावा शोषतो, आणि पावसाळ्यात त्याच्या आड पत्रा तांबूस होत जातो. रंगाला वेळ लागणार असेल तर इपॉक्सी प्रायमर द्यावा. दमट दिवशी उघडा पत्रा काही तासांत रंग बदलतो; म्हणून एकदम सगळी गाडी न उघडता, दिवसभरात उरकेल तेवढाच भाग उघडावा.

‘नवी बॉडी घातली तर गाडी खोटी होते’

ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने 1988 साली जुन्या साच्यांवरूनच एमजीबीच्या नव्या बॉडी तयार करायला सुरुवात केली. 1990च्या दशकात आलेली एमजी आरव्ही 8 ही गाडी याच बॉडीच्या आधारे उभी राहिली; तिच्या सुमारे 2000 गाड्या बनल्या आणि बहुसंख्य जपानला गेल्या. मूळ पत्रा जपण्याचे मोल मी मानतो. पण सिल, फरशी आणि मागची चौकट या तिन्ही सडल्या असतील, तर ठिगळांवर ठिगळे जोडून उभ्या केलेल्या बॉडीपेक्षा मापात असलेली नवी बॉडी अधिक प्रामाणिक आणि अधिक सुरक्षित आहे.

‘खालून डांबर मारा, पाणी लागणारच नाही’

जाड डांबरी थर काही वर्षांत कडक होऊन तडकतो, तड्यांतून पाणी आत जाते आणि बाहेर पडत नाही. पेट्यांच्या आत फवारायचे मेण अधिक विश्वासाचे: ते मऊ राहते आणि सांध्यांत झिरपते. फवारल्यानंतर सिलच्या खालची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करून घ्यावीत, आणि दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याआधी पुन्हा फवारावे.