मनातील कोंडवाडा

१९८९ साली डॉमिनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला, म्हणून त्याला चौसष्ट दिवस एकांतात डांबण्यात आले. दान केलेल्या रक्तावरून हे उघड झाले. रक्तदान हाच जणू त्याचा अपराध! पुढे २०१७ च्या केंद्रीय कायद्याने बाधितांविषयीच्या भेदभावास मनाई केली. मनातील कोंडवाडा मात्र कायम आहे.

त्याची किंमत जबर आहे. हा विषाणू शरीराच्या रक्षक पेशीच नष्ट करतो. मग अन्य विषाणूंना मोकळे रान मिळते. रक्तक्षय होतो, रक्तबिंबिका घटतात. लसिकाग्रंथींचा कर्करोग, कापोसी सार्कोमा आणि स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग डोके वर काढतो. सरकार २००४ पासून मोफत देत असलेली औषधे वेळीच सुरू केल्यास पहिल्या दोन कर्करोगांचा धोका पुष्कळ कमी होतो. तिसऱ्याबाबत केवळ औषधांवर विसंबून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाधित स्त्रीला हा धोका सहापट असतो. म्हणूनच वयाच्या २५ व्या वर्षापासून नियमित तपासणी करावी, असे ती सांगते.

लोक काय म्हणतील या भयाने जी भगिनी इस्पितळाची पायरी चढत नाही, तिला कोणत्या कायद्याने कोंडले आहे? तिला आपणच कोंडले आहे. औषधासाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी त्याच केंद्रात, त्याच दिवशी आणि गुप्तता राखून झाली पाहिजे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. एवढे शासनाने करावे. कोंडवाड्याचे दार उघडणे हे मात्र समाजाचे काम आहे.