‘शुद्ध’ शब्दाचे वाक्छल

गौतमांच्या न्यायसूत्रांत वाक्छल सांगितले आहे. भाष्यकार वात्स्यायनांचे त्यावरील उदाहरण असे: ‘हा नवकंबल’, म्हणजे नवे कांबळे असलेला, प्रतिपक्षी ‘नव’ म्हणजे नऊ धरून विचारतो, ‘बाकीची आठ कुठे?’ याला आपण हसतो, पण आम्ही बडोदेकर ‘शुद्ध’ या शब्दाने तसेच फसतो. आमच्या मराठीत गुजराती शब्द आहेत, म्हणून ती शुद्ध नाही. शुद्ध नाही, म्हणून सदोष! पहिला ‘शुद्ध’ म्हणजे बिनभेसळ, दुसरा म्हणजे बिनचूक. अर्थ मध्येच पालटला, आणि त्यापायी आमची मुले पुण्याच्या पाहुण्यांपुढे मराठी बोलायला बिचकतात. जमीन, वकील, हजर हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. त्यांनी पुण्याची मराठी सदोष ठरली काय? तेव्हा कोणी ‘शुद्ध’ म्हटले, की आधी विचारावे: कोणत्या अर्थाने?