अपघाताआधीचा वकील

मालवाहतुकीच्या धंद्यात वकील आठवतो तो अपघात झाल्यावर. तोवरचा सगळा कायदा आरटीओ एजंटच्या डायरीत असतो: पासिंग, परमिट, टॅक्स, विमा. ही वाटणी गाडीमालकाच्या तोट्याची आहे. अपघाताच्या दाव्यात त्याला जे दाखवावं लागतं, ते अपघाताच्या आधीच तयार असावं लागतं. नंतर बनवलेला कागद उलटतपासणीत टिकत नाही, आणि टिकूही नये.

परवान्याचंच पाहा. चालकाचा परवाना बनावट किंवा मुदतबाह्य निघाला, एवढ्यावर विमा कंपनी हात झटकू शकत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती, हे तिला सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2004मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात हे सांगितलं. 2020च्या निर्मला कोठारी प्रकरणात आणखी खुलासा झाला: मालकाने परवाना पाहावा, गाडी नीट चालवता येते का याची खात्री करावी, शंकेला जागा नसेल, तर आरटीओत जाऊन परवाना पडताळण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही. मालकाला हा मोठाच दिलासा आहे. पण ओळखीवर चालक ठेवला, परवान्याची प्रत नाही, चाचणीची नोंद नाही, अशा मालकाकडे साक्षीच्या वेळी तोंडी शब्दापलीकडे काय उरतं? मग ‘आधी भरा, नंतर वसूल करा’ हे तत्त्व लागू होऊ शकतं. कंपनी मृताच्या वारसांना भरपाई देते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करते. परमिट नसेल तर बचावाला जागा आणखी कमी. 2018च्या अमृतपाल सिंग निकालात विनापरमिट ट्रकच्या मालकावर अशीच वसुली कायम राहिली. घरातला कर्ता माणूस गेलेला असेल तर भरपाई लाखांत जाते, आणि एका ट्रकच्या मालकाला ती ट्रक विकूनही फिटेलच असं नाही.

ओव्हरलोडमध्ये तर संशयाची सुई आधीच मालकाकडे वळलेली असते. 2019च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. शिवाय चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने घडला असं न्यायालय गृहीत धरू शकतं; मोटार वाहन कायद्याचं कलम 113 तसं म्हणतं. हे गृहीतक खोडायचं तर चालकाला दिलेली लेखी सूचना, काटा पावती आणि बिल्टीवरचं खरं वजन हाताशी हवं. एजंट शिक्का आणून देतो. यांतला कोणता कागद कधी उपयोगी पडेल, हे सांगणं त्याचं कामच नाही.

एक-दोन गाड्यांच्या मालकाला वकील परवडत नाही, हा आक्षेप खरा, पण अर्धाच. त्याला कायमचा वकील नको आहे. चालक नेमणुकीचा अर्ज, बिल्टीचा मजकूर आणि माल देणाऱ्याशी करायचा करार एकदाच करून घ्यायचा आहे. वाहतूकदारांची संघटना तो सगळ्यांसाठी मिळून करून घेऊ शकते. यातून नुसती कागदी सुरक्षा वाढेल, असं कोणी म्हणेल. ती भीती रास्त आहे. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी; पण ते प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसापुरतंच बोलतं. म्हणून जाणता वकील प्रमाणपत्राबरोबर ब्रेक आणि टायरच्या देखभालीची वहीही मागतो, आणि वही रोज लिहायची तर कोणाला तरी गाडीखाली वाकून बघावंच लागतं.

सगळ्यात जड आक्षेप बाजाराचा: आपण जादा माल नाकारला तर मागची गाडी तो घेऊन जाते. 2018मध्ये दोन धुरांच्या ट्रकची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन झाली, तरी ही चढाओढ संपली नाही. एकट्या मालकाचा करार ती संपवणारही नाही. मात्र ओव्हरलोडच्या कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाराही गुन्हेगार आहे. माझ्या मते हे शब्द कारखान्याच्या फाटकात माल भरणाऱ्यालाही लागू व्हावेत इतके रुंद आहेत. चालान मात्र चालक आणि मालकाच्याच नावावर फाटतं. किती टन भरायचे हे कोणी ठरवलं याचा कागद फाटकातच तयार झाला, तर निदान न्यायालयात तिसरं नाव घेता येईल.