बांधावरच्या चिंचेतून निवडलेले वाण

पाऊस दगा देतो तेव्हा विहिरीच्या पाण्यावर वाढविलेली फळबाग प्रथम संकटात सापडते. 2012-13 च्या दुष्काळात जालना व तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यांतील मोसंबीच्या कित्येक बागा पाण्यावाचून वाळल्या. अशा वर्षीही बांधावरची जुनी चिंच सहसा तग धरून राहते. तिची मुळे खोल जातात आणि हलक्या, मुरमाड जमिनीतही ती वाढते. काटकपणा हा तिचा जन्मजात गुण होय. तथापि केवळ काटक झाड शेतकऱ्याचा संसार चालवू शकत नाही. ते दरवर्षी फळले पाहिजे आणि त्याच्या फळाला बाजारात मोल आले पाहिजे.

अडचण येथेच आहे. चिंचेच्या फुलांचे परागीभवन मुख्यतः मधमाश्यांसारख्या कीटकांकडून, एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जाऊन होते. यास्तव उत्तम झाडाचे चिंचोके पेरले तरी येणारे रोप आईसारखे निपजेल, असा भरवसा देता येत नाही. एकाच बांधावरील दोन झाडांपैकी एक गराने भरलेल्या लांब शेंगा देते, तर दुसऱ्याच्या शेंगांत टरफल, शिरा व चिंचोके यांचाच भरणा असतो. एखादे झाड एक वर्ष लगडते व पुढील वर्षी विसावा घेते. रोपापासून वाढविलेली चिंच फळावर येण्यास 8 ते 10 वर्षे लागतात. इतका काळ जोपासलेले झाड निकृष्ट निघाले, तर खर्चापेक्षाही वाया गेलेली वर्षे शेतकऱ्यास अधिक जाचतात.

या अडचणीवर छत्रपती संभाजीनगर येथे काम झाले. शहरातील मोगलकालीन हिमायतबागेत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. या केंद्राने ‘प्रतिष्ठान’ हे चिंचेचे वाण दिले. पैठणचे प्राचीन नाव त्यास लाभले आहे. पुढे ‘शिवाई’ हे वाणही येथूनच आले. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथील ‘पीकेएम-1’ व गुजरातेतील ‘गोमा प्रतीक’ ही वाणेही निवडीच्या मार्गानेच तयार झाली आहेत.

निवड म्हणजे निसर्गाने निर्माण केलेल्या असंख्य भिन्न झाडांतून हवे ते एक हुडकणे. हे काम दिसते तितके सोपे नाही. एका हंगामातील भरघोस फळ पाहून झाड निवडले, तर फसगत होते. म्हणून त्याच झाडाचे उत्पन्न अनेक वर्षे तोलावे लागते. शेंगेतील गर, टरफल आणि चिंचोके यांचे प्रमाण वेगवेगळे मोजावे लागते. गराचा रंग व आंबटपणा पाहावा लागतो. अवर्षणाच्या वर्षी जे झाड फळ धरते, त्याची नोंद विशेष मोलाची ठरते. गर अधिक असला म्हणजे चिंच फोडणाऱ्या बायांच्या श्रमांचेही चीज होते, कारण तितक्याच शेंगा फोडून अधिक माल हाती येतो.

निवडलेले झाड टिकवायचे ते कलमानेच. चिंचोक्यापासून वाढविलेल्या कोवळ्या खुंटावर मातृवृक्षाची काडी पाचर पद्धतीने बसवितात. यास मृदुकाष्ठ कलम म्हणतात. खुंट जमिनीत मूळ धरतो आणि काडी आईचेच फळ देते. हापूस व केसर आंब्यांची जात याच न्यायाने शुद्ध राहिली आहे. कलमी चिंच साधारणतः 4 ते 5 वर्षांत फळू लागते, म्हणजे प्रतीक्षेचा काळ जवळजवळ निम्मा होतो.

लागवड करू इच्छिणाऱ्यांनी कलमे विद्यापीठाच्या अथवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्यावीत. दोन झाडांत व दोन ओळींत 10 मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी 100 झाडे बसतात. कलमाच्या जोडाखाली फुटणारे फुटवे वेळोवेळी काढावेत; ते वाढू दिल्यास खुंट माजतो व कलम मरते. झाड काटक असले तरी पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी देणे अगत्याचे आहे. शेंगा काढताना झाड बेदम झोडपू नये. त्याने कोवळे शेंडे मोडतात व पुढील बहाराची हानी होते.

अखेरीस एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नव्या वाणाचे मूळ कोणत्या तरी जुन्या झाडात असते. रस्तारुंदीसाठी वा जळणासाठी तोडल्या जाणाऱ्या चिंचांत दरवर्षी नेमाने फळणारे एखादे झाड असू शकते. ते गेले की त्याचे गुणही गेले, कारण त्याच्या चिंचोक्यातून ते हुबेहूब परत मिळत नाही. आपल्या बांधावर, गावठाणात वा देवळापुढे असे झाड असल्यास त्याच्या तीन-चार वर्षांच्या फळाची नोंद ठेवावी व फळ संशोधन केंद्रास कळवावे. कुऱ्हाड पडण्यापूर्वी त्याच्या काड्या खुंटावर चढल्या, तर ते झाड पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडेल.