उंबऱ्याच्या आतला देश

दौंडच्या फलाटावर पहाटेच्या अंधारात उभ्या असणाऱ्या माणसांमध्ये पुण्यातल्या कचेऱ्यांत काम करणारे कारकून असतात, शिक्षक असतात आणि महाविद्यालयात निघालेली मुलेही असतात. दौंड ते पुणे हे अंतर सुमारे 75 किलोमीटरचे. 1878 मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेल्यापासून दौंड हे मोठे जंक्शन आहे. एप्रिल 2024 मध्ये ते सोलापूर विभागातून पुणे विभागात आले. परंतु विभाग बदलला म्हणून रोज ये-जा करणाऱ्याच्या घड्याळात फरक पडला नाही. मुले जागी होण्यापूर्वी त्याने घर सोडलेले असते आणि तो परततो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. मुलांच्या वाट्याला बाप येतो तो रात्रीच्या जेवणापुरता.

ह्या तासाभरात देशाच्या चिंतेला जागा कुठे असणार, असे कोणाही सुज्ञाला वाटेल. गाडीत दुसऱ्याच्या खांद्यावरून वाचलेल्या वर्तमानपत्रातून देश कळावा, 'काय दिवस आले आहेत' असा उसासा टाकावा आणि केडगाव आले की विषय बदलावा, ही नोकरदार वर्गाची जुनी रीत आहे. देशाचे प्रश्न म्हणजे दिल्लीत किंवा मुंबईत बसलेल्या कोणीतरी निर्माण केलेले आणि त्यांनीच सोडवायचे प्रश्न, अशी ह्या वर्गाची प्रामाणिक समजूत असते. शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांतील एखाद्या घराच्या ताटाकडे नीट पाहिले, तर ती समजूत टिकत नाही.

असे घर कल्पनेने रचण्याचीही गरज नाही. ते ह्या भागात गल्लोगल्ली सापडेल. बाप दौंडचा, पुण्यात नोकरीला. आईचे माहेर शिरूर तालुक्यात. चौफुल्याहून केडगाव, न्हावरा करीत शिरूरला जाणारी वाट ह्या घरातल्या मुलांना पाठ असते, कारण दिवाळीत आणि उन्हाळ्यात आजोळी जाण्याची तीच वाट. थोरली मुलगी पुण्यात शिकायला, धाकटा मुलगा दहावीत. चुलता गावी ऊस करतो, मामा कांदा करतो.

आता कांद्याचेच पाहा. कांदा साठ-सत्तर रुपये किलो झाला की दौंडच्या स्वयंपाकघरात आईच्या कपाळावर आठी पडते, आणि त्याच आठवड्यात शिरूरकडच्या भावाच्या घरी बऱ्याच दिवसांनी चार पैसे दिसतात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातच बंद केली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिले. सप्टेंबर 2024 मध्ये ते वीस टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाले. ह्या दीड-पावणेदोन वर्षांत बराखीत साठवलेला कांदा कधी विकावा, हे मामाला कळेनासे झाले. बंदी आली तेव्हा दौंडच्या घरात भाजी स्वस्त झाल्याचा आनंद होता. तो आनंद मामाच्या खिशातून आला होता, हे मात्र जेवताना कोणाच्या मनात आले नाही. 'कांदा महाग व्हावा की स्वस्त?' असा साधा प्रश्न दहावीतल्या मुलाने विचारला, तर आई आणि बाप एकमेकांकडे पाहतील. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला ग्राहक आणि उत्पादक म्हणतात, ते दोघे ह्या घरात एकाच पंगतीला बसलेले असतात.

पाण्याची गोष्ट तर ह्याहून अवघड. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ह्या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावते. त्यातून पुणे शहराची तहान भागायची आणि त्यातूनच मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरची शेती भिजायची. शहर वाढत गेले तसतसे आवर्तन लांबत गेले. शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याहून कालव्यात सोडावे, अशी साडेसहा टीएमसीची योजना झाली. पण किती सुटते आणि कितपत शुद्ध असते, ह्यावरचा वाद मिटलेला नाही. चुलता उन्हाळ्यात कालव्याकडे डोळे लावून बसतो आणि पुण्याला शिव्या देतो. त्याच पुण्यात त्याची पुतणी भाड्याच्या खोलीत राहते आणि नळ अर्धा तास उशिरा आला तर घरी फोन करून तक्रार करते. दोघांचेही दुःख खरे आहे. बाप दोघांचेही ऐकून घेतो आणि दोघांनाही 'बरोबर आहे' म्हणतो. त्याचा हा भित्रेपणा असेल. परंतु दोन्ही बाजूंचे खरे एकाच कानाने ऐकण्याची वेळ ह्या देशात फार थोड्यांवर येते, आणि ती ज्याच्यावर येते त्याने तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले, मुलांच्या शाळेची फी निघाली. त्याच उसाने बिबट्यालाही घर दिले. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या पिकात मादी पिले घालते आणि ऊसतोड सुरू झाली की तिचा आडोसा जातो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यात दोन लहान मुले होती. ते दिवस दिवाळीचे. ज्या दिवसांत मुलांनी अंगणात मातीचे किल्ले करावेत, त्या दिवसांत संध्याकाळी पाचनंतर मुलांना दाराबाहेर पाऊल टाकू न देण्याचे काम आयांच्या वाट्याला आले. संतापलेल्या लोकांनी रस्ते अडवले, आणि ज्याचे मूल गेले त्याच्या संतापाला कोण नावे ठेवील? पण मामाच्या अंगणात बसून मुलाने 'बिबट्या इथे कसा आला?' असे विचारले, तर उत्तराच्या साखळीत धरण, कालवा, ऊस, साखर आणि पहाटेच्या चहाचा कपसुद्धा येतो. पिंजरे लागलेच पाहिजेत, शेतीला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. त्याबरोबर हे उत्तरही मुलाला मिळाले पाहिजे.

आणि अखेरीस परीक्षा. 5 मे 2024 रोजी झालेल्या नीट परीक्षेला देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण उघड झाले, त्याचे धागे लातूरपर्यंत पोचले. पुढच्याच महिन्यात यूजीसी-नेट ही परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द करण्यात आली. 21 जून 2024 पासून केंद्राचा नवा कायदा लागू झाला. संघटितपणे पेपर फोडणाऱ्याला पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक कोटी रुपयांचा दंड त्यात आहे. दौंड-पुणे गाडीत त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता. 'सगळेच विकले गेले आहेत' हे वाक्य प्रत्येक डब्यात ऐकू येत होते. पण त्यांतल्याच काहींनी दहावीच्या परीक्षेत मुलाला 'केंद्र कुठले आले, तिथे कडक आहे का?' असे विचारले होते. काहींनी केंद्राच्या भिंतीबाहेर उभ्या राहिलेल्या आपल्याच आप्तांकडे काणाडोळा केला होता. गैरप्रकारांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 1982 पासून आहे. परीक्षा संपून घरी आलेल्या मुलाला बाप पहिला प्रश्न कोणता विचारतो, ह्यावर मात्र कोणताही कायदा लागू होत नाही.

म्हणून ह्या दोन तालुक्यांतील पालकाचे खरे काम मुलांना देशाची काळजी करायला शिकवणे हे नव्हे. काळजी तर वर्तमानपत्रेही शिकवतात. स्वतःच्या फायद्याच्या विरुद्ध जाणारे खरे असले तरी ते खरे म्हणण्याची सवय लावणे, हे त्याचे काम आहे. भाजी स्वस्त झाली तेव्हा मामाची आठवण काढणे, नळ बंद करताना चुलत्याच्या उसाची आठवण ठेवणे आणि कमी गुण मिळाले तरी ते स्वतःचे आहेत ह्याचा आनंद मानणे, इतक्या लहान गोष्टींतून ती सवय लागते. प्रवचनातून ती लागल्याचे ऐकिवात नाही.

दौंडहून निघालेली गाडी रोज केडगावला थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाईंनी तिथून शेकडो निराधार मुली आणल्या आणि ह्याच केडगावात त्यांच्यासाठी घर उभे केले. देशाचे संकट त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतले. सामान्य संसारी माणसाकडून एवढ्या मोठ्या मनाची अपेक्षा कोणी करणार नाही. त्याच्या उंबऱ्याच्या आत देश आधीच येऊन बसलेला आहे, आणि त्याने फक्त तो ओळखायचा आहे. रात्री ताटावर बसल्यावर मुलाने कांद्याचा प्रश्न पुन्हा विचारला, तर 'जेव मुकाट्याने' असे न म्हणता 'मलाही नीट उत्तर येत नाही, उद्या मामाला फोन करून विचारू' असे बापाने म्हटले, तर तो तासभर वाया गेला असे म्हणता येणार नाही.